मुलींच्या तस्करीत स्थानिक टोळीचं नाव कागदावर का येत नाही? जळगाव ते नाशिक, काय घडलं आणि कायदा काय सांगतो

‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला!’ ऑक्टोबर २०२५ मध्ये हे वाक्य तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल. नाशिक शहर पोलिसांनी गुंडांविरुद्ध मोहीम उघडली, पकडलेल्यांच्या तोंडून हे वाक्य वदवून घेतल्याचे व्हिडिओ आले आणि त्यांचे रील राज्यभर फिरले. काल-परवापर्यंत चौकात वाढदिवसाचे बॅनर लावणारे ‘भाई’ आणि ‘दादा’ हात जोडून उभे दिसले. त्यात राजकीय पक्षांशी संबंध असलेले लोकही होते.

चर्चा झाली ती गोळीबार, खंडणी आणि दहशतीची.

वर्तमानपत्रांत आणखी एका प्रकारची बातमी वर्षानुवर्षं छापून येते. ‘स्पाच्या नावाखाली देहविक्री’, ‘लॉजवर छापा, महिलांची सुटका, मॅनेजर ताब्यात’. चार ओळींची बातमी. मॅनेजरचं नाव, कलम, पोलीस ठाणं, संपलं. त्या मुलीला तिथपर्यंत कोणी आणलं, लॉज कोणाच्या जिवावर चालत होता, हप्ता कोणाला जात होता, हे त्यात सहसा नसतं.

पहिली बातमी टोळीची, दुसरी मुलीची. या दोन बातम्या एकमेकींना क्वचितच भेटतात. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर नाशिक विभागातच तीस वर्षं मागे, जळगावला जावं लागतं. पण त्याआधी दोन गैरसमज बाजूला करू.

तस्करीसाठी सीमा ओलांडावी लागते का?

‘मानवी तस्करी’ म्हटलं की नेपाळ, बांगलादेश, ट्रक, बनावट कागदपत्रं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. कायद्याला यातलं काहीच लागत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (आधीचं भादंवि कलम ३७०) सांगतं, की शोषण करण्यासाठी एखाद्या व्यक्तीला धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळवणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं म्हणजे तस्करी. म्हणजे एकाच शहरातल्या एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरातल्या खोलीवर नेलं तरी हा गुन्हा होऊ शकतो. पीडितेची ‘संमती’ होती का, हा मुद्दा तस्करीचा गुन्हा ठरवताना बिनमहत्त्वाचा आहे, असं कायदा स्पष्ट म्हणतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदवले गेले. तेलंगणानंतर महाराष्ट्राचा क्रमांक दुसरा होता, २९५ गुन्हे. यात मजुरीसाठी होणारी तस्करीही येते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणं हा भारतात मुळात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या एका प्रकरणातल्या तीन तरुणींची सुटका करताना हे स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात, छाप्याच्या वेळी अशा स्त्रियांना अटक, दंड किंवा त्रास होऊ नये, असे निर्देश दिले. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, कोणाला यात ओढणं, डांबून ठेवणं. आणि मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर तिच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही.

आपण कोणाला घाबरतो आणि धोका कुठे असतो?

दुसरा गैरसमज ‘पोरं पळवणाऱ्या टोळी’चा. याची किंमत उत्तर महाराष्ट्राने मोजली आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे आले, या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं होती. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अशाच अफवेतून एका कुटुंबावर जमाव धावून गेला. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं.

मे २०२३ मध्ये बिहारहून सांगलीच्या मदरशाकडे निघालेल्या ५९ मुलांना दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला उतरवण्यात आलं. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना तुरुंगात जावं लागलं. मुलांना घरापासून दूर बालगृहांत राहावं लागलं. गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचं सांगत २०२४ मध्ये ही प्रकरणं बंद झाली.

तिन्ही वेळा संशय गेला तो परक्या माणसावर. देहव्यापारासाठी होणाऱ्या तस्करीत मात्र मुलीला जाळ्यात ओढणारा बहुतेकदा तिच्या ओळखीचा असतो. मैत्रिणीचा भाऊ, क्लासच्या बाहेर गाडी लावून उभा राहणारा, नातेवाईक, नोकरी लावून देतो म्हणणारी शेजारीण. अनोळखी माणसाबद्दल आपण मुलींना सावध करतो. ओळखीच्या माणसाबद्दल काय सांगायचं, हे आपल्यालाच ठरवता आलेलं नाही.

जळगावात १९९४ मध्ये काय उघड झालं?

जुलै १९९४ मध्ये जळगावातलं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला. शाळा-कॉलेजातल्या मुली आणि तरुण स्त्रियांना ओळखीतून किंवा आमिष दाखवून जाळ्यात ओढायचं, अत्याचार करताना फोटो किंवा चित्रफीत काढायची आणि ती दाखवून पुन्हा पुन्हा बोलवायचं, दुसऱ्यांकडे पाठवायचं, असा हा प्रकार असल्याचे आरोप होते. आरोपींमध्ये राजकीय वजन असलेले स्थानिक लोक होते, नगरसेवकही होते. हे वर्षानुवर्षं चालू असल्याचं सांगितलं गेलं. पीडितांची संख्या शेकड्यांत असावी, असे अंदाज तेव्हा छापून आले.

तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी त्यात होते. विशेष न्यायालय नेमलं गेलं. सरकारने करायच्या गोष्टी बऱ्याच अंशी केल्या.

तरीही तक्रार द्यायला पुढे आलेल्या स्त्रिया मूठभरच होत्या. जवळपास सगळ्या खटल्यांचा शेवट आरोपी सुटण्यात झाला. खालच्या न्यायालयात झालेली शिक्षाही उच्च न्यायालयात टिकली नाही. तक्रार द्यायला झालेला उशीर हा बचाव पक्षाच्या हातातला मोठा मुद्दा ठरला.

उशीर का झाला असेल, याचं उत्तर त्या वेळच्या शहरात होतं. ‘जळगावची मुलगी’ म्हटलं की स्थळ नाकारलं जायचं, असं त्या काळातले लोक आजही सांगतात. ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, त्या मुलींचीही ही गत. मग जिच्यावर प्रत्यक्ष गुदरलं, तिने पोलीस ठाण्याची पायरी कशी चढायची?

टोळीने बंदूक दाखवायची गरजच नव्हती. ‘तुझ्या घरी कळवू’ एवढं पुरेसं होतं. बाकीचं काम समाज करणार, याची त्यांना खात्री होती.

टोळीला यातून काय मिळतं?

आधी पैसा. अमेरिकेतल्या सॅन डिएगो परगण्यात दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी गल्लीबोळातल्या टोळ्यांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार तिथल्या किमान ११० टोळ्यांचा देहव्यापाराच्या तस्करीशी संबंध होता आणि या धंद्याची वार्षिक उलाढाल सुमारे ८१ कोटी डॉलर होती. या टोळ्यांना बाहेरच्या देशातून कोणाला आणावं लागत नाही. त्यांचं लक्ष आजूबाजूच्याच मुलींवर असतं. हिशेब सरळ आहे. अमली पदार्थाची पुडी एकदाच विकता येते. माणसाला रोज विकता येतं आणि पकडलं गेलं तर खिशात ‘माल’ सापडत नाही.

टोळीची कामं साधारण चार प्रकारची असतात.

पहिलं काम आणण्याचं. यासाठी गुंड दिसणारा माणूस चालत नाही. चांगला बोलणारा, गाडी फिरवणारा, इन्स्टाग्रामवर फॉलोअर असणारा तरुण लागतो. नेदरलँड्समध्ये अशांना ‘लव्हरबॉय’ असंच नाव पडलं आहे. आधी प्रेम, मग फोटो, मग ‘माझ्यावर कर्ज आहे, एकदाच मदत कर’.

दुसरं काम धाकाचं. मुलगी नाही म्हणाली की ‘भाई’चं नाव घेतलं जातं. प्रत्यक्ष मारहाण झाली नाही तरी त्या भागात कोणाची काय ताकद आहे, हे तिला ठाऊक असतं. तिच्या भावालाही ठाऊक असतं.

तिसरं काम जागेचं. लॉज, फार्महाऊस, भाड्याचा फ्लॅट, स्पा. आधार कार्ड न मागणारा मॅनेजर लागतो आणि त्या मॅनेजरला संरक्षण लागतं.

चौथं काम सोडवण्याचं. छापा पडला की वकील उभा करायचा, जामीनदार आणायचा, मुलीचे ‘नातेवाईक’ हजर करायचे. हे इतकं सर्रास होतं की मुंबई उच्च न्यायालयाला २००२ मध्ये ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट सांगावं लागलं, की दलालाचा किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच प्रकरणात पीडित मुलीचा वकील होऊ शकत नाही आणि अल्पवयीन मुलीला चौकशीशिवाय कोणाच्याही ताब्यात देता येणार नाही.

मोबाइलने काय बदललं?

जळगावच्या काळात कॅमेरा लागायचा, रोल धुवायला लागायचा. राजस्थानातल्या अजमेरमध्ये १९९२ मध्ये असंच ब्लॅकमेलचं प्रकरण उघड झालं. तिथे फोटो लॅबमधून प्रती बाहेर गेल्या आणि छळणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

आता हे सगळं एका खिशात मावतं. सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीत १५ वर्षांच्या मुलीने तक्रार दिली. ओळखीच्या मुलाने केलेल्या अत्याचाराचा व्हिडिओ काढला गेला आणि त्याच्या धाकावर पुढचे आठ महिने वेगवेगळ्या ठिकाणी तिच्यावर अत्याचार झाले, असा आरोप होता. पोलिसांनी आरोपी केलेल्यांची संख्या ३३ होती.

३३ जणांची ही काही मुरलेली टोळी नव्हती. एकाकडचा व्हिडिओ दुसऱ्याकडे गेला आणि ज्याच्याकडे गेला, तो तिला धमकावू शकला. टोळी उभी करायला पूर्वी जे भांडवल लागायचं, ते आता एका क्लिपमध्ये आहे. म्हणूनच अशी क्लिप ‘फक्त पुढे पाठवणारा’ माणूस बघ्या राहत नाही. तो धमकीची एक नवी प्रत तयार करत असतो.

मग कायदा टोळीपर्यंत का पोहोचत नाही?

कायद्यात तरतूद नाही, असं मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये ‘संघटित गुन्हेगारी’च्या व्याख्येतच देहविक्रीसाठी होणारी मानवी तस्करी लिहिलेली आहे. शिक्षा किमान पाच वर्षं ते जन्मठेप. महाराष्ट्राकडे तर १९९९ पासून मोक्का आहे.

अडचण पहिल्या कागदापासून सुरू होते. कलम १११ आणि मोक्का, दोन्हींसाठी ‘सातत्याने चालणारं बेकायदा कृत्य’ दाखवावं लागतं. म्हणजे किमान तीन वर्षं किंवा अधिक शिक्षेची तरतूद असलेले गुन्हे आणि मागच्या दहा वर्षांत त्यासाठी एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं.

आता लॉजवरच्या छाप्याकडे बघा. गुन्हा नोंदवला जातो तो १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, पोलिसांच्या आणि पत्रकारांच्या भाषेत ‘पिटा’. त्यातलं कलम ४ देहविक्रीच्या कमाईवर जगणाऱ्यासाठी आहे. पीडिता सज्ञान असेल तर शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५ एखादीला या धंद्यात आणणाऱ्यासाठी आहे. तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं. एकाच माणसावर फक्त कलम ४ लागलं, तर तो गुन्हा संघटित गुन्हेगारीच्या हिशेबात धरलाच जात नाही. कलम ५ किंवा न्याय संहितेचं १४३ लागलं, तर धरला जातो.

म्हणजे पहिल्या दिवशी ठाणे अंमलदाराने कोणतं कलम लिहिलं आणि तपास मॅनेजरपाशी थांबला की पुढे गेला, यावर ती टोळी पुढची दहा वर्षं कागदावर ‘टोळी’ म्हणून दिसणार की नाही, हे ठरतं.

साखळी वरपर्यंत नेता येते, हे नाशिकनेच पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडा पाडला. सुमारे ३०० कोटींचा माल असल्याचं सांगण्यात आलं. त्यानंतर पैसा कोणाचा, जागा कोणाची, पुण्याच्या ससून रुग्णालयातून सूत्रधाराला पळून जायला मदत कोणी केली, असे प्रश्न विचारले गेले आणि प्रकरण मोक्कापर्यंत गेलं. लॉजवर एखादी सोळा वर्षांची मुलगी सापडते, तेव्हा हेच प्रश्न विचारायला हवेत. फोनचे तपशील, यूपीआयचे व्यवहार, लॉजची नोंदवही, जागेचा मालक, जामीनदार कोण आणि तोच जामीनदार आणखी कोणत्या गुन्ह्यात दिसतो.

तडीपारी हा नेहमीचा उपाय इथे फारसा पुरत नाही. सराईत गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, पण व्हिडिओ त्याच्या फोनमध्येच राहतो. धमकी द्यायला त्याला नाशिकमध्ये असावं लागत नाही.

शिक्षा झाली, ती कशामुळे?

अजमेरच्या प्रकरणात सहा जणांना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. शाळकरी वयात ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्या साक्षीसाठी बोलावल्या गेल्या तोवर काहींना नातवंडं झाली होती. अनेक जणी मध्येच मागे हटल्या होत्या.

तामिळनाडूतल्या पोल्लाचीचं प्रकरण २०१९ मधलं. मैत्री करायची, निर्जन घरात न्यायचं, व्हिडिओ काढायचा, पैसे आणि शरीर दोन्ही लुटायचं, ही पद्धत जळगावसारखीच. तिथे सुरुवातीला पोलीस अधीक्षकांनीच पत्रकार परिषदेत पीडितेचं नाव उघड केलं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याबद्दल सरकारला २५ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला. १३ मे २०२५ ला कोइम्बतूरच्या न्यायालयाने नऊही आरोपींना मरेपर्यंत जन्मठेप सुनावली.

या खटल्यात एकही साक्षीदार फितूर झाला नाही. फोनमधून परत मिळवलेले व्हिडिओ पुरावा म्हणून उभे राहिले, त्यामुळे सगळा भार पीडितांच्या शब्दावर आला नाही. त्यांची ओळख गुप्त राहिली आणि साक्ष बंद दाराआड झाली. जळगाव आणि पोल्लाची यांच्यातला फरक इथेच आहे. जे व्हिडिओ धमकावायला काढले होते, तेच आरोपींवर उलटले, कारण बोलणाऱ्या मुलींना या वेळी संरक्षण होतं.

नाशिकसाठी याचा अर्थ काय?

नाशिक हे मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे महामार्गांवरचं शहर. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे एकट्या राहणाऱ्या कामगारांची मोठी वस्ती. द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून कामासाठी येणारी आदिवासी कुटुंबं. शिवाय शहर पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे. मुलगी हरवल्याची नोंद तालुक्याच्या ठाण्यात होते आणि ती सापडते शहराच्या हद्दीतल्या लॉजवर. या दोन नोंदी जोडल्या गेल्या नाहीत, तर तस्करीचा गुन्हा ‘पळून गेली होती’ एवढ्यावर संपतो.

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहणाने सिंहस्थ कुंभमेळा सुरू होणार आहे. मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत. हॉटेलं, लॉज, भाड्याच्या खोल्या, सुरक्षा आणि वाहतुकीची कंत्राटं, सगळंच वाढणार आहे. ज्यांच्यावर आज रील झाले, त्यांच्यापैकी कोण उद्या या धंद्यांत मागच्या दाराने येतो, यावर नजर ठेवण्याची वेळ हीच आहे.

यात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाच पोलिसांनी सोबत घेण्यासारखं आहे. सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने अनेक वर्षं हे दाखवून दिलं आहे, की संघटित झालेल्या स्त्रिया दलाल आणि गुंडांपुढे उभ्या राहू शकतात. वस्तीत नवी, घाबरलेली, कमी वयाची मुलगी आली की सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. छाप्यात त्यांनाच अपमानित केलं, तर ती माहिती कधीच ठाण्यापर्यंत येणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

कोणाचा असा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवू नका. ‘खात्री करण्यासाठी’सुद्धा नाही. लैंगिक कृत्याचा व्हिडिओ पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ अ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा. व्हिडिओ अल्पवयीन मुलीचा असेल, तर तो डाउनलोड करणंही गुन्हा आहे. पीडितेचं नाव किंवा ओळख उघड केली, तर न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘जस्टिस फॉर...’ म्हणून तिचा फोटो टाकणाराही यातून सुटत नाही.

तुम्हाला किंवा ओळखीच्या मुलीला कोणी धमकावत असेल, तर पैसे देऊ नका आणि चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा. सायबर गुन्ह्यासाठी १९३०, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत सज्ञान व्यक्ती आपला फोटो कोणालाही न पाठवता, फक्त त्याचा डिजिटल ठसा देऊन, मोठ्या समाजमाध्यमांवर तो रोखण्याची विनंती करू शकते.

गुन्हा कुठल्या हद्दीत घडला, हे कारण सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात होतो. बलात्कार आणि पोक्सोच्या पीडितांना मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

आणि घरात एक वाक्य आधीच बोलून ठेवा: ‘काहीही झालं, कोणाकडे काहीही असलं, तरी तू आधी आम्हाला सांग. आम्ही तुला बोलणार नाही.’ जळगावच्या किती मुलींना हे वाक्य घरातून ऐकायला मिळालं असेल? ज्या मुलीला ते ठाऊक आहे, तिला ‘तुझ्या घरी कळवू’ म्हणणाऱ्याकडे पुढे बोलायला काही उरत नाही.